आकाशवाणी नागपूरचा दिवस वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आकाशवाणीच्या नागपूर केंद्राविषयीची आमची छोटी पुस्तिका छपाईला गेली. तिच्या ऋणनिर्देशात आपले नाव येऊ नये, ही आपली अट आम्ही पाळली आहे. मात्र जे काम आपल्यामुळे उभे राहिले, त्याबद्दल गप्प बसायला मन तयार होत नाही, म्हणून नाव न घेता हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. म्हणजे या केंद्राने जागेवरून न हलता तीन राज्ये पाहिली. एवढा तपशील कोणत्याही ग्रंथालयात मिळाला असता. पण उद्घाटनाला कोण आले आणि केंद्र संचालक कोण कोण झाले, याच्या याद्या बाजूला ठेवून आधी रोजचा कार्यक्रम-तक्ता आणि ड्युटी रूममधली क्यू-शीट (कोणता कार्यक्रम नेमका कधी लावायचा याचा कागद) वाचायला शिका, असे आपण पहिल्याच भेटीत सांगितलेत आणि पुस्तिकेची दिशा तिथेच ठरली.

सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन सभांमध्ये वाटलेला दिवस आम्ही तोवर केवळ वेळापत्रक म्हणून पाहत होतो. शेतीचा कार्यक्रम संध्याकाळी का, स्त्रियांसाठीचा दुपारी का, दिल्ली-मुंबईच्या बातम्यांचे सहक्षेपण (तिथले प्रसारण इथून त्याच वेळी ऐकवणे) अचूक सेकंदाला जोडता यावे म्हणून आधीच्या गाण्याची लांबी निवेदकाला पाठ का असावी लागते, हे आपण एकेक ओळीवर बोट ठेवून उलगडून दाखवलेत. संत्र्याच्या मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, झाडांना पाण्याचा ताण कधी द्यायचा, हा सल्ला पावसाआधी प्रसारित झाला तरच कामाचा, नंतर त्याला काही अर्थ नाही. तक्त्यातली ती दहा-पंधरा मिनिटे मोकळी ठेवण्यासाठी आपल्या सहकाऱ्यांना किती आधीपासून तयारी करावी लागे, हे ऐकल्यावर काटोल-नरखेडच्या बागायतदारांच्या बोलण्यात रेडिओचा उल्लेख इतक्या आपुलकीने का येतो, ते मला समजले.

एका गोष्टीने आम्हाला बराच काळ अडवले होते. वयस्कर श्रोत्यांच्या आठवणीतला, रेडिओवर केंद्र लावायचा वारंवारितेचा आकडा आणि ‘५१२.८ मीटर अर्थात ५८५ किलोहर्ट्झ’ हा आपल्या पिढीच्या निवेदकांच्या तोंडी असलेला आकडा जुळत नव्हता आणि आठवण चुकली असे म्हणून तो मजकूर गाळण्याचा सल्लाही काहींनी दिला होता. आपण कागदावर साधा भागाकार करून दाखवलात. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आपल्याकडच्या मध्यम लहरींच्या केंद्रांच्या वारंवारितांमधले अंतर ९ किलोहर्ट्झ ठरले, म्हणून ५८५ ला ९ ने पूर्ण भाग जातो. त्याआधीची मांडणी १० च्या पटीत होती, म्हणजे जुना आकडा वेगळाच असणार. श्रोत्यांची आठवण खरी होती आणि ती पुस्तिकेत राहिली, याचे मला फार समाधान आहे.

सर्वांत अधिक ऋण मात्र ध्वनिफितींविषयी आपण जे सांगितलेत त्याचे आहे. १२०० फुटांचे स्पूल (टेपचे रीळ) सेकंदाला साडेसात इंचांच्या वेगाने फिरले की जेमतेम अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण बसते. टेप महाग, म्हणून प्रसारण झाले की बहुतेक फिती पुसून पुन्हा वापरायच्या. कोणते भाषण, कोणती नभोनाट्ये, कोणत्या गावच्या भजनी मंडळाचे आवाज अशा रीतीने नाहीसे झाले, याची यादी आता कोणी करू शकणार नाही. यात कोणाचा निष्काळजीपणा नव्हता, साधने तुटपुंजी होती, हे आपण ज्या हळवेपणाने समजावलेत त्यामुळे आमच्या लिखाणातला तक्रारीचा सूर गेला. ब्लेडने फितीला तिरपा छेद देऊन जोड कसा द्यायचा, म्हणजे कानाला तो कळत नाही, हेही आपण आमच्या तरुण मंडळींना प्रत्यक्ष करून दाखवलेत. संगणकावर संपादन करणाऱ्या त्या मुलांनी श्वास घेण्याची जागा राखून कापायचे असते, हे त्या दिवशी प्रथम ऐकले.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिरातींचे प्रसारण सुरू झाले, त्याविषयी आम्ही थोडकेच लिहिले आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वाहिनीच्या १००० किलोवॉटच्या ट्रान्समीटरवर मात्र आपल्या आग्रहाने स्वतंत्र प्रकरण घातले. सूर्यास्तानंतर मध्यम लहरी आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परावर्तित होऊन दूरवर जातात, म्हणून देशाच्या मध्यावरचे नागपूर त्या रात्रीच्या प्रसारणासाठी सोयीचे होते, ही गोष्ट इथल्या शाळकरी मुलांना अभिमानाने सांगता येईल अशी आहे.

हस्तलिखिताच्या समासात आपण पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या आम्ही जपून ठेवल्या आहेत. विशेषतः तंत्रज्ञ, शिपाई आणि नैमित्तिक उद्घोषक यांचा उल्लेख जिथे सुटला होता, तिथे आपण केलेली खूण प्रत्येक ठिकाणी पाळली आहे. पुस्तिकेच्या पहिल्या प्रती आल्या की एक आपल्या घरी पोचती करू. आपल्याकडच्या उरलेल्या स्पूलचे अंकरूपांतर करण्याची परवानगी आपण दिली आहे, त्या कामाला दिवाळीनंतर सुरुवात होईल. कोणत्या स्पूलवर कोणाचा आवाज आहे, हे ओळखायला आपणच लागाल, तेव्हा पुन्हा त्रास द्यायला येईन.

आपली कृतज्ञ,
पुस्तिकेची एक संपादक
नागपूर