धुळीचा नुसता आकडा काय कामाचा?

मा. संपादक,
स. न.

कोल्हापूर परिसरातल्या फाउंड्र्यांमध्ये (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत) धूळ मोजलीच जात नाही, असे नाही. अहवाल येतो आणि फायलीला लागतो. पण त्यात पुष्कळदा एवढेच असते: 'फेटलिंग विभाग, 0.4, मर्यादेत.' (फेटलिंग म्हणजे ओतीव माल घासून साफ करणे; 0.4 म्हणजे घनमीटर हवेत 0.4 मिलिग्रॅम धूळ.) नमुन्यासाठी हवा ओढणारा पंप कोणाच्या अंगावर होता, किती वेळ, त्या पाळीत नॉकआउट (साचा फोडून ओतीव माल काढणे) चालू होते का, याचा पत्ता नसतो.

मुळात 'मर्यादेत' ठरवले कशावरून? 1948 च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातले सूत्र असे: 10 ला, धुळीतल्या क्वार्ट्झची (वाळूतल्या स्फटिकी सिलिकाची) टक्केवारी अधिक 2, याने भागायचे. क्वार्ट्झ 8 टक्के असेल तर श्वसनीय धुळीची (फुफ्फुसात खोलवर जाणाऱ्या बारीक धुळीची) मर्यादा घनमीटरला 1 मिलिग्रॅम. 38 टक्के असेल तर 0.25. तीच 0.4 धूळ पहिल्या ठिकाणी चालते, दुसऱ्या ठिकाणी नाही. फिल्टर नुसता तोलून, क्वार्ट्झ न तपासता दिलेला शेरा म्हणजे अंदाजपंचे.

नमुना घेतानाही घोळ होतो. अॅल्युमिनियमच्या सायक्लोनला (फिल्टरच्या आधी जाड कण वेगळे काढणाऱ्या भागाला) मिनिटाला 2.5 लिटर हवा लागते. प्रवाह कमी पडला की जाड कणही फिल्टरपर्यंत पोचतात. म्हणून प्रवाह आधी आणि नंतर तपासावा, 5 टक्क्यांहून जास्त फरक आला तर नमुना बाद करावा. काढताना सायक्लोन उलटा झाला तर तळाच्या कपातली भरड धूळ फिल्टरवर सांडते आणि आकडा उगाच फुगतो. न वापरलेला एक कोरा फिल्टरही सोबत नेऊन आणावा, म्हणजे वाटेत धूळ लागली का ते कळते. प्रयोगशाळेला काही सापडले नाही तर 'शून्य' लिहू नये. किती प्रमाणापर्यंत तपासता येते ते लिहून 'त्याहून कमी' म्हणावे. मास्क होता का, कोणता, हे वेगळ्या रकान्यात. त्यासाठी मोजलेला आकडा कमी करू नये.

सगळ्यात मोठी गळती पुढे आहे. ठेकेदार बदलला की कामगाराचा टोकन नंबर बदलतो आणि जुनी नोंद कोणाची, हे कळेनासे होते. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग, बहुधा दहा-वीस वर्षांनी दिसतो. तेव्हा भरपाई मागायला कागद कुठून आणायचा? कर्मचारी राज्य विमा योजनेचा (ईएसआय) क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. प्रत्येक नमुना त्याला जोडावा. अमेरिकेत अशा नोंदी 30 वर्षे ठेवाव्या लागतात.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने यासाठी एकच तक्ता ठरवून द्यावा आणि त्याची प्रत कामगारालाही मिळावी, ही विनंती.

— धूळमापन करणारे काही तंत्रज्ञ, कोल्हापूर