हिब्रूचे धडे मराठीतून का नकोत?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

जेरुसलेम आणि त्याच्या आसपासचे ज्यू अभ्यासक परदेशांतील ख्रिस्ती विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरून बायबल शिकवतात, यात आता फारसे नवल उरलेले नाही. त्यांच्या लेखी ‘परदेश’ म्हणजे अमेरिका, ब्राझील, कोरिया आणि तशीच आमची वसईसुद्धा. मी निवृत्त शिक्षिका असून गेली दोन वर्षे अशा एका वर्गाची विद्यार्थिनी आहे. तिकडे संध्याकाळी सहाला सुरू होणारा वर्ग आमच्याकडे हिवाळ्यात रात्री साडेनऊला आणि उन्हाळ्यात साडेआठला भरतो. त्या अनुभवातून एक सूचना करावीशी वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी हा वर्ग लावला तेव्हा आमच्या धर्मग्रामातील काहींनी नापसंती दाखवली. जे येशूला मशीहा मानत नाहीत त्यांच्याकडून आपले शास्त्र काय शिकायचे, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्याचे उत्तर सोळाशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेमला राहून जुन्या कराराचा लॅटिन अनुवाद हाती घेतला, तेव्हा त्यांनी हिब्रूसाठी ज्यू शिक्षकच गाठले होते. त्यांपैकी एकजण आपल्याच लोकांच्या भीतीने रात्री येऊन शिकवत असे, असे त्यांनी पत्रात लिहून ठेवले आहे. (रात्रीचा वर्ग ही आमचीच अडचण नव्हे, एवढे समाधान त्यातून मिळाले.) पुढे 1506 साली हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध करणारे जर्मन विद्वान रॉयखलिन हेही ज्यू गुरूंच्या हाताखालीच तयार झाले. कॅथलिक चर्चपुरते सांगायचे, तर पोप बारावे पायस यांनी 1943 च्या परिपत्रकात मूळ भाषांतून बायबलचा अभ्यास करण्यास उत्तेजन दिले, 1965 मध्ये व्हॅटिकन परिषदेने ज्यूंविषयीची भूमिका स्पष्ट शब्दांत बदलली आणि 2019 मध्ये रोमच्या पोंटिफिकल बिब्लिकल इन्स्टिट्यूटमध्ये एमी-जिल लेव्हाइन या ज्यू विदुषीने थेट नवा करार शिकवला. रोमला जे चालते ते आमच्या वसईतल्या गिरीज-नंदाखालला न चालण्याचे कारण मला दिसत नाही.

वर्गात मिळते काय, याचे एक उदाहरण देते. स्तोत्रसंहितेतील एकोणसत्तरावे स्तोत्र बुडणाऱ्या माणसाच्या आकांताने सुरू होते. जुन्या इंग्रजी भाषांतरात पाणी माझ्या ‘आत्म्यापर्यंत’ आले असे वाचायला मिळते आणि वाचणारा थबकतो, कारण आत्म्यापर्यंत पाणी कसे यावे? मूळ हिब्रू शब्द ‘नेफेश’. त्याचा अर्थ प्राण, जीव असा होतो, तसाच गळा असाही होतो. आमच्या बाईंनी इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना हा दुहेरी अर्थ पटवण्यात पाव तास घालवला. मी मात्र पहिल्याच मिनिटाला हसले, कारण ‘पाणी गळ्याशी आले’ हे मराठी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही, आणि खाडीकाठच्या माणसाला तर मुळीच नाही.

नाजूक जागाही येतात. जुन्या करारातील यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात जिला पुत्र होणार असे म्हटले आहे तिच्यासाठी मूळ शब्द ‘अल्मा’ आहे आणि त्याचा अर्थ तरुण स्त्री. ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक भाषांतरात, जे ज्यूंनीच केले होते, तेथे कुमारिका या अर्थाचा शब्द आला आणि नव्या करारात येशूच्या जन्माची हकिगत सांगताना मत्तयाने तोच उद्धृत केला. बाई म्हणाल्या, “हिब्रू शब्दाचा अर्थ मी सांगते, मत्तयाला त्यात काय दिसले ते तुमच्या धर्मगुरूंना विचारा.” मला ही रीत फार आवडली. शिक्षकाने आपली हद्द ओळखावी आणि विद्यार्थ्यानेही शिक्षकाची श्रद्धा बदलण्याच्या भानगडीत पडू नये, एवढे पथ्य पाळले तर असा वर्ग कोणाच्याही धर्माला बाधक ठरत नाही. त्या भूमीतले स्थानिक अभ्यासक म्हणजे केवळ ज्यूच, असेही कोणी समजू नये. बेथलेहेममध्ये अरबी बोलणारे पॅलेस्टिनी ख्रिस्ती अध्यापक 1979 पासून आपले बायबल महाविद्यालय चालवीत आहेत आणि त्यांचेही ऐकले पाहिजे.

आता मूळ मुद्दा. हे सारे शिक्षण मला इंग्रजीतून आणि डॉलरच्या शुल्कात घ्यावे लागले. मराठीतून असा वर्ग मला शोधूनही सापडला नाही. कोकण किनाऱ्यावर तरी ही स्थिती असायला नको होती, कारण हिब्रू आणि मराठी यांची गाठ येथे फार पूर्वी पडली आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला आपले पूर्वज लागले असे सांगणारे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, शतकानुशतके रायगडच्या गावांत तेल गाळत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. शब्बाथ, सुंता आणि ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनी जपली, परंतु हिब्रू वाचणारे त्यांच्यात फारसे उरले नव्हते. 1829 साली आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन प्रथम बाणकोट-हर्णै भागात राहून मराठी शिकले आणि 1832 साली त्यांनी बेने इस्राएलांसाठी चक्क मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. धर्मांतर हा मिशनऱ्यांचा हेतू लपलेला नव्हता. बेने इस्राएलांनी व्याकरण तेवढे घेतले, धर्म आपलाच ठेवला, आणि पुढच्या पिढ्यांत त्यांच्यातून जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांच्यासारखे विद्वान निघाले, ज्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणून काम केले. तेव्हा ख्रिस्ती गुरू ज्यू शिष्यांना हिब्रू शिकवीत होता, आज नेमके उलट चालले आहे. फरक इतकाच की तेव्हाचे पुस्तक मराठीत होते आणि आताचे नाही.

यात केवळ भाषाभिमान नाही, शिकण्याची सोय आहे. हिब्रूतील ‘त्सादे’ या अक्षराचा उच्चार इंग्रजी पुस्तके अर्धा परिच्छेद खर्चून समजावतात. आम्हाला ‘चांदण्यातला च’ म्हटले की पुरते. ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ हा भेद इंग्रजीला ठाऊक नाही, हिब्रूत मात्र तो ‘बाता’ आणि ‘बात’ असा स्पष्ट आहे. गीतरत्न या जुन्या करारातील प्रेमकाव्यात तर सगळे मर्मच यात आहे: ‘याफा’ म्हणजे तू देखणी आणि ‘याफे’ म्हणजे तू देखणा, त्यामुळे कोणते वाक्य प्रियकराचे आणि कोणते प्रेयसीचे हे शब्दावरूनच कळते. इंग्रजी बायबलांना त्यासाठी मधे मथळे घालावे लागतात. (आकारान्त विशेषण तिकडे स्त्रीचे, ही गोष्ट मात्र आमच्या अंगवळणी पडायला महिना गेला.) पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून थेट मराठीत बायबल आणले आणि आमच्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या मराठी बायबलला साहित्य अकादमीने गौरवले. एवढी पूर्वपीठिका असलेल्या भाषेला हिब्रूचा प्राथमिक वर्ग पेलणार नाही, हे पटत नाही.

शिकवणार कोण, असे विचारले जाईल. 1948 नंतर कोकणातून गेलेले बेने इस्राएल इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा येथे वसले आहेत. त्यांनी तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले. त्यांच्यातील जाणती मंडळी वयस्क होत आहेत आणि त्यांच्या नातवंडांची मराठी पातळ होत चालली आहे, म्हणून हे काम दहा वर्षांनी करू म्हणून चालणार नाही. मुंबई विद्यापीठाने वा कोकणातील एखाद्या महाविद्यालयाने पुढाकार घेऊन आठवड्यातून एक तास त्यांच्यापैकी कोणाकडून पडद्यावरून शिकवण्याची व्यवस्था करावी आणि वर्ग कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला खुला ठेवावा. विल्सन यांचे व्याकरण आणि राजपूरकरांचे अनुवाद जेथे जीर्णावस्थेत असतील तेथून शोधून त्यांच्या प्रती उपलब्ध कराव्यात. याला इमारत लागत नाही आणि फार निधीही लागत नाही.

तोवर माझ्या परीने एवढेच करू शकते. दोन वर्षांच्या धड्यांची मराठीत काढलेली टिपणे माझ्याजवळ चार वह्यांत आहेत. अक्षर बरे आहे. कोणत्याही ग्रंथालयाने मागितल्यास मी त्या छायाप्रतीसाठी आनंदाने देईन, फक्त तिसऱ्या वहीतली क्रियापदांची कोष्टके जाणत्याने एकदा तपासून घ्यावीत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, गिरीज, वसई