आता पडवीतून समुद्र दिसतो

श्रीवर्धन तालुका,
19 जून 2020

प्रिय भाऊ,

पाकिटावरचं हस्ताक्षर बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. पत्र लिहितोय कारण दुसरा इलाज नाही. 3 तारखेच्या वादळात गेलेली वीज आज सोळा दिवस झाले तरी आलेली नाही. फोन लावायचा तर घाटातल्या वळणापर्यंत चालत जायचं आणि हात वर करून उभं राहायचं. तिथून आईला दोनदा लागला. तुला लावला तेव्हा "आवाज येत नाही भो" एवढं तीनदा ऐकू आलं आणि बॅटरी मेली. उद्या गावातला एकजण महाडला चाललाय, त्याच्याकडे हे देतोय. पुढे पोस्टाच्या मनावर.

मार्चपासून मी इथेच अडकलोय हे तुला ठाऊक आहे. शाळा बंद, एसटी बंद, जिल्ह्याच्या हद्दी बंद आणि आम्हा गुरुजींना नाक्यावर बसून मुंबईहून येणाऱ्यांची नोंद घ्यायची ड्युटी. तर 2 जूनला संध्याकाळी त्या नाक्यावरूनच कर्णा बांधलेली रिक्षा गेली. "निसर्ग येत आहे, कोणीही घराबाहेर पडू नये." तू असतास तर पोट धरून हसला असतास. चक्रीवादळाचं हे नाव बांगलादेशने सुचवलेलं. त्याच्या साधारण दोन आठवडे आधी बंगालवर गेलेलं अम्फान हे जुन्या यादीतलं शेवटचं नाव होतं आणि तेरा देशांच्या नव्या यादीतलं हे पहिलं. बंगालीतही अर्थ आपल्यासारखाच. आम्ही नाक्यावरचे चौघंही हसलो, खोटं कशाला सांगू.

मी ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतो त्या आजी मात्र हसल्या नाहीत. त्या पडवीत बसून सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "2009 ला फयान आलं तेव्हा चार माड गेले होते. बघू, आता किती नेतंय ते." जसं काही दरवर्षी कुणी वसुलीला येतं. कोळीवाड्यातले लोक तोवर होड्या खाडीत आत नेऊन दुहेरी दोराने बांधत होते. मी माझ्या खोलीत जाऊन पुस्तकं कॉटवर ठेवली आणि झोपलो. आपण सातपुड्याच्या पायथ्याची माणसं. वादळ म्हणजे मे महिन्यातली धुळीची वावटळ, अर्धा तास पत्रे वाजणार, चार थेंब पडणार, एवढंच माझ्या डोक्यात.

सकाळी ग्रामपंचायतीचा माणूस आला, शाळेच्या किल्ल्या मागायला. कौलारू आणि पत्र्याच्या घरांतली माणसं शाळेच्या स्लॅबच्या दोन खोल्यांत हलवायची ठरलं होतं. किल्ल्या माझ्याकडे, म्हणून मीही गेलो. दहा वाजेपर्यंत पंचावन्न-साठ माणसं, दोन शेळ्या, एक शिलाई मशीन आणि कुणाचा तरी टीव्ही असा संसार तिसरी-चौथीच्या वर्गात येऊन बसला. तीन महिने आम्ही ज्यांना सहा फूट लांब उभे राहा म्हणून ओरडत होतो, ते सगळे गुडघ्याला गुडघा लावून. मास्क पुढे दाराच्या फटीत कोंबायला कामाला आले. आजी शेवटी आल्या. कागदपत्रांचा डबा काखेत होता. गाईचं दावं सोडून आल्या होत्या. "बांधून ठेवली तर गोठा अंगावर पडून मरेल, सुटी असेल तर तिची ती बघेल," म्हणाल्या.

आता जे सांगायचंय ते कसं सांगू याचा मी सोळा दिवस विचार करतोय.

वारा आधी डोंगराकडून आला, समुद्राकडून नाही. मला वाटलं होतं लाटा वगैरे दिसतील. तसं काही नाही. नुसता आवाज, आणि तो कमी-जास्त होत नव्हता. आपल्याकडचा वारा दम खातो. हा दम खात नव्हता. मालगाडी जवळून जाते तेव्हा आपण मनात म्हणतो ना, आता संपेल, शेवटचा डबा येईल. तर ही गाडी संपतच नव्हती. साडेबाराच्या सुमाराला तो फिरला आणि दर्याकडून आला. तेव्हा खिडकीचं एक तावदान आत आलं. आम्ही तिघांनी भिंतीवरचा फळा काढून तिथे लावला आणि पाठीने दाबून धरला. फळ्यावर मार्चमधला सुविचार तसाच होता, तो शर्टाच्या पाठीवर उलटा उमटला. फटीतून येणारं पाणी ओठांवर आलं तर खारट. पाऊसच खारट होता, भाऊ.

मुलांना मी शिकवतो की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. फळ्यावर दोन ओळींचं गणित. त्या दिवशी वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर होता असं नंतर कळलं. म्हणजे ज्या वाऱ्याला आपण 'आज जरा वारा सुटलाय' म्हणतो, त्या तीसच्या वाऱ्याच्या सोळापट. हे गणित मला आधीपासून येत होतं. पाठीला फळा लागल्यावर ते कळलं.

वरच्या जाळीच्या झरोक्यातून आजींची वाडी, म्हणजे माड-सुपारीची बाग, दिसते. मी बाकावर चढून पाहत होतो. सुपारीचं झाड तू पाहिलेलं नाहीस. चाळीस-पन्नास फूट उंच आणि खोड हाताच्या दोन पंजांत मावेल एवढं. ती झाडं वाकत होती, शेंडा जवळजवळ जमिनीला लागेपर्यंत, आणि परत उभी राहत होती. पुन्हा वाकत, पुन्हा उभी. मी मोजायला लागलो, उगाच, शिक्षकाची खोड. मग एक वाकलं ते आलंच नाही परत. त्याच्या शेजारचं नाही आलं. मग रांगच्या रांग. आणि आवाज नाही. झाड मोडताना काड्‌कन आवाज व्हायला हवा की नको? वाऱ्याच्या आवाजात सगळं मुकाट पडत होतं. एक माड, आंब्याच्या खोडाएवढा जाड, मुळासकट उठला आणि आडवा झाला, आणि मला काहीही ऐकू आलं नाही. मागून आजींनी विचारलं, "काय दिसतंय गुरुजी?" मी म्हटलं, "पावसाने काही दिसत नाही."

तीनच्या पुढे जोर कमी झाला. आम्ही बाहेर आलो तेव्हा रस्ता नव्हता. म्हणजे होता, पण त्यावर विजेचे खांब, तारा, झावळ्या, कौलं, कुणाच्या तरी छपराचे चुरगळलेले पत्रे. शाळेपासून घर तीन मिनिटांवर आहे, आम्हाला सव्वा तास लागला. पुढे दोन पोरं कोयत्याने वाट करत होती. आजींचं घर उभं होतं, अर्धी कौलं गेलेली. माझ्या खोलीत आभाळ. कॉटवर ठेवलेली पुस्तकं भिजून एवढी फुगली होती की वेगळी करता येईनात. गाय दुसऱ्या दिवशी सकाळी आपली आपण आली.

आजींनी वाडीकडे पाहिलंच नाही आधी. केरसुणी शोधली, ती सापडेना, तर माडाच्या झावळीनेच अंगण झाडायला लागल्या. मी म्हटलं, "आजी, राहू दे ना." त्या म्हणाल्या, "दिवा कुठे लावू मग?" तुळस उलथली होती, ती सरळ केली, दिवा लावला, आणि मग त्या वाडीत गेल्या.

दोन दिवसांनी एक विचित्र गोष्ट झाली. जी झाडं उभी राहिली होती, त्यांची पानंही तांबडी पडली, वणवा लागल्यासारखी. सगळ्या पंचक्रोशीत हाच रंग. वाऱ्याने आणलेल्या खाऱ्या पाण्याने पाला करपतो म्हणे.

आणि ऊन. वाडीतल्या घरात इतकी वर्षं कधी ऊन आलं नव्हतं. दिवसाही माजघरात दिवा लागायचा. आता सकाळी आठलाच भिंत तापते. पडवीतून समुद्र दिसतो. चाळीस पावलांवर समुद्र आहे हे ऐकू यायचं, पण या घरातून तो दिसत नव्हता, मध्ये झाडं होती. परवा पंचनाम्याला आलेला एक तरुण कर्मचारी सहज बोलून गेला, "आजी, व्ह्यू मस्त झालाय." वाईट हेतू नव्हता त्याचा. तो गेल्यावर आजींनी आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. अजून तशीच आहे.

पंचनाम्यात मी लिहून घ्यायला होतो. सरकारने बागांना हेक्टरी 50 हजार जाहीर केलेत. आता इथे हेक्टर कुणाकडे आहे? तू एकरांत बोलतोस, हे गुंठ्यांत बोलतात. गुंठ्याला 500 रुपये पडतात. एका गुंठ्यात सुपारी, माड, त्यावर चढवलेले मिरीचे वेल, मध्ये जायफळ, असं एकावर एक उभं असतं, आणि अर्जात पिकाच्या नावाला एकच रकाना. श्रीवर्धनी रोठा म्हणून इथली सुपारी बाजारात ओळखली जाते, तीसुद्धा त्याच रकान्यात. रोप लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, माडालाही साधारण तेवढीच. आजींचं वय शहात्तर. वाडी त्यांच्या सासऱ्यांनी लावलेली. मी वय लिहीत होतो आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. बेरीज दोघांनीही केली, बोललं कुणी नाही.

भाऊ, खरं तर या पत्रात मला हेच लिहायचं होतं आणि मी चार पानं इकडचं तिकडचं सांगत बसलो. तुझी केळीची बाग आडवी झाली होती, कापणीला पंधरा दिवस राहिले असताना, तेव्हा तू मला रात्री फोन केला होतास. मी काय म्हणालो ते तू विसरला असशील, मी विसरलो नाही. मी म्हणालो, "विमा आहे ना? मग? आणि केळ काय, वर्षा-दीड वर्षात पुन्हा उभी राहते." तू "हो ना" म्हणालास आणि शाळेची चौकशी केलीस. मला वाटलं मी धीर दिला. परवा माझ्या तोंडून आजींना तेच निघणार होतं, "नुकसानभरपाई मिळेल ना." जिभेवर आलं होतं. तेव्हा तुझं ते "हो ना" ऐकू आलं. चुकलो भो. तुझ्या वावरात येऊन उभं राहायला हवं होतं, निदान गप्प तरी बसायला हवं होतं.

गंमत बघ, हे वादळ इथून निघालं ते आपल्याकडेच. पुणे, नगर, नाशिक करत, ओसरत ओसरत पश्चिम विदर्भाकडे गेलं. आई म्हणाली, 3 च्या रात्री घरी छान पाऊस झाला, गारवा आला, अंगणात झोपता आलं नाही एवढंच. मी इथे उघड्या खोलीत भिजलेल्या गादीवर बसलो होतो. एसटी नाही, पास नाही, मला घरी जाता येईना. आणि ज्याने माझं छप्पर नेलं ते मात्र रात्रीतून घरी जाऊन आलं.

आता एक काम. वाडीच्या कडेला आजींची सात-आठ केळी होती, ती मधोमध मोडली. आठव्या दिवशी मोडलेल्या खोडातून हिरवी सुरळी वर आली. बोटभर. सबंध वाडीत हिरवं तेवढंच आहे. आजी रोज जाऊन बघतात. सुपारीच्या रोपाला पहिली दोन-तीन वर्षं सावली लागते, ती आधी मोठ्या झाडांची मिळायची, आता कुठून आणायची? तर केळीची करावी असं त्यांच्या मनात आहे. "तुमचा दोस्त केळीवाला ना, त्याला विचारा," असा निरोप आहे. तेव्हा नीट लिही: मोडलेलं खोड जमिनीपासून कितीवर कापायचं, एका बुंध्याला किती पिलं ठेवायची, आणि सावलीसाठीच लावायची असतील तर दोन केळींत अंतर किती. माती रेताड आहे, पाणी विहिरीचं, पण पंप विजेशिवाय बंद. फोनवर सांगू नकोस, अर्धं ऐकू येतं. कागदावर लिही, आकृती काढ, मी त्यांना वाचून दाखवीन.

आणि तुझी मृगबाग, यंदाची मृगातली केळी, लावून झाली का, तेही लिही.

तुझा,
मास्तर