जात्याच्या खुंट्यावरचा हात

प्रिय दोस्ता,

फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितोय, लांबेल जरा, खरं सगळं वाच.

आजीच्या ओव्या, आपल्या भातशेतीतले शब्द, गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी, सहा वर्षं साइटवर जे टाकत आलो ते मागच्या महिन्यात एका सकाळी गेलं बघ. पत्ता टाकला की कोरं पान. होस्टिंगवाल्यांकडं, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली त्यांच्याकडं, तक्रार टाकली, चार दिवसांनी उत्तर आलं की सर्व्हरची डिस्क गेली आणि बॅकअप पण त्याच मशीनवर होता. त्याच मशीनवर! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आजी जाऊन तीन वर्षं झाली, तिच्या तोंडून ऐकून लिहिलेलं ते, आता परत विचारायचं कुणाला?

मग शोधायला बसलो. गुगलची कॅशे, म्हणजे पानांची त्यांनी ठेवलेली प्रत, आधी असायची, ती 2024 मध्येच बंद झालीय. वेबॅक मशीन म्हणून जुनी वेबपानं साठवून ठेवणारी साइट आहे, तिथं आपल्या साइटचा पत्ता घालून पुढं चांदणी (*) टाकली तर त्यांनी साठवलेल्या पानांची यादीच आली, निम्म्याच्या वर लिखाण तिथनं एकेक करून कॉपी केलं, रात्री दोन-दोन वाजायचे. फोटोंच्या जागी मात्र रिकामे चौकोन.

आणि जुन्या लॅपटॉपवर 2021 ची एक एसक्यूएल फाइल सापडली, म्हणजे साइट ज्यावर चालायची त्या वर्डप्रेसचा डेटाबेस, सगळा मजकूर त्यातच असतो. उघडली तर मराठी कुठंच नाही, नुसती टोपीवाली परदेशी अक्षरं. घाबरलो, खरं मग बघितलं की डोक्यावर तिरकी रेघ असलेला एकच ए परत परत येतोय, तेव्हा जीवात जीव आला. यूटीएफ-8 म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये साठवायची एक पद्धत, एन्कोडिंग म्हणतात तिला, त्यात आपलं प्रत्येक अक्षर तीन बाइट्सचं असतं आणि पहिला बाइट कायम एकच, तोच तो ए दिसत होता, म्हणजे मजकूर शाबूत होता, फक्त चुकीच्या एन्कोडिंगनं वाचला जात होता. प्रश्नचिन्हं असती तर संपलं होतं, त्यातनं काही परत येत नाही. फाइल लॅटिन-1 या जुन्या युरोपीय एन्कोडिंगमध्ये वळवून परत यूटीएफ-8 म्हणून उघडली आणि पहिली ओवी दिसली. मी मोठ्यानं वाचायलाच लागलो मर्दा.

एका ओवीची शेवटची ओळ मात्र कुठंच मिळेना. आई चपात्या लाटत होती, तिला वाचून दाखवलं, तिनं लाटणं तसंच धरलं आणि ती ओळ म्हटली. लगेच लिहून घेतली.

आता परत हे होऊ द्यायचं नाही. दर रविवारी डेटाबेस आणि अपलोड्सचा फोल्डर दोन्ही उतरवतो, कारण डेटाबेसमध्ये फोटोंची नुसती नावं असतात, फोटो नसतात, हे मला इतक्या उशिरा कळलं. गेल्या रविवारी ती कॉपी लॅपटॉपवर झॅम्प (साइट आपल्याच मशीनवर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून सगळी उभी करून बघितली, चालली. तीन कॉप्या, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात, असा नियम आहे. 2021 च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गला डेटा सेंटर जळालं तेव्हा ज्यांचा बॅकअपही तिथंच होता त्यांचं सगळंच गेलं. आणि लांब कशाला जायचं, 2019 च्या ऑगस्टात घटप्रभा नदीचं पाणी गोकाकात शिरलं, मामाच्या कपाटातले जमिनीचे कागद चिखलातनं काढून आपणच अंगणात वाळत घातलेले, आठवतंय नव्हं? म्हणून एक डिस्क बेळगावात माझ्याकडं, एक कॉपी क्लाऊडवर, आणि तिसरी मला तुझ्याकडं पुण्याला ठेवायचीय.

आणखी एक काम. तू शेवटचा आलेलास तेव्हा आजीचे फोटो काढलेलास, ती जात्याशी बसलेली, खुंट्यावर हात, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या. माझ्याकडचे गेले. तुझा तो जुना फोन कपाटात कुठंतरी असणार, चार्जिंगला लावून बघ की. सापडले तर व्हॉट्सअपवर साधे फोटो म्हणून पाठवू नकोस, साइज कमी होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि तुझ्या फोनमधले पुसू नकोस.

गणपतीला येशील तेव्हा डिस्क तयार ठेवतो. आईनं बासमतीचे तांदूळ पण बांधून ठेवलेत तुझ्यासाठी.

तुझाच