जुन्या गाण्यांबद्दल

प्रिय बयो,

परवा फोनवर तुझ्या नव्या गाण्यांचं विचारलंस आणि ‘छान आहेत’ म्हणून मी विषय बदलला. तुझ्या लक्षात आलंच असणार. खरं सांगतो, पहिलं गाणं मी अर्ध्यावरच बंद केलं. पेटी कुठे गेली, तंबोरा कुठे गेला, हेच शोधत बसलो होतो. ‘पूर्वीसारखं गात नाही’ म्हणणाऱ्यांवर तू चिडली आहेस. त्यातला एक तुझ्या घरातच आहे.

अमेरिकन लोकगायक बॉब डिलनचं बघ. १७ मे १९६६, मँचेस्टर. पूर्वार्धात तो एकटा, गिटार आणि माउथ ऑर्गन, लोक चिडीचूप. मध्यंतरानंतर तोच माणूस इलेक्ट्रिक गिटार आणि बँड घेऊन आला, तर त्याच खुर्च्यांतून हुर्यो! कुणीतरी ओरडलं, ‘जूडास!’ म्हणजे येशूला पकडून देणारा. गंमत अशी, की बँडबरोबरची त्याची गाणी वर्षभर आधीच बाजारात आली होती. अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात १९६५ सालीच त्यावरून गोंधळ झाला होता. म्हणजे ओरडणाऱ्याला सगळं ठाऊक असणार, तरी तो आला. ज्याचं मन उडालं तो कशाला येईल?

आपल्या कुमार गंधर्वांचं निराळं. लहानपणीच नावाजलेला गळा, मग क्षय, काही वर्षं गाणं बंद. देवासला पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर येत राहिली. परत गायला बसले ते वेगळंच गाऊ लागले आणि परंपरेच्या मंडळींनी नाकं मुरडली. श्वास तोकडा झाला म्हणून गाणं बदललं असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. ती गाणी कानात मुरल्यावर जुनं जसंच्या तसं गाणं त्यांना जमलंच नसतं.

आता माझं. आई आजारी होती तेव्हा रात्री मी तुझी पहिली गाणी लावायचो. एका कानात इअरफोन, दुसरा कान तिच्या श्वासाकडे. तुला त्या गाण्यांत तुझा कच्चा गळा ऐकू येतो, मला त्या रात्री. तू पुढे निघालीस की त्या आणखी लांब जातात. माझा राग एवढाच, आणि तो तुझ्यावर काढण्यात अर्थ नाही, हे कळतं.

एक मात्र ऐक. कार्यक्रमाच्या शेवटी लोकांसाठी म्हणून जुनं गाणं घेतेस, तेव्हा कंटाळलेली असतेस. तिसऱ्या रांगेतून दिसतं ते. त्यापेक्षा घेऊ नकोस. लोक कुरकुरतील, मीही कुरकुरेन.

काल रात्री तुझी नवी गाणी परत लावली. चौथ्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्यानंतर तू सूर सोडतेस आणि नुसता श्वास ऐकू येतो. तेवढाच तुकडा चारदा ऐकला. आवडला का, अजून सांगता येत नाही. उरलेली दोन झाली की पाठव, मिक्सिंगच्या आधीचीच.

तुझा,
बाबा