मनूचा डिप्लोमा

मालवण

प्रिय दिग्या,

आम्ही सगळे बरे आहोत. पावसामुळे आईचे गुडघे धरलेत, एवढंच.

मनू दहावी पास झाली, ८८ टक्के. आणि काल जेवताना म्हणाली, "मी अकरावी करणार नाय. मेकॅनिकलचा डिप्लोमा करणार." भावोजींचं म्हणणं, कोल्हापूरला क्लास लावा, बारावी करून सीईटी देऊ दे. आई म्हणते, "चेडवाक खयची ती यंत्रा?"

मेल्या, तू तिला बंदरावर बघायला हवं होतंस. नानाच्या ट्रॉलरचं इंजिन काळा धूर टाकत होतं. मिस्त्रीने नोझल काढून टेस्टिंग पंपावर लावलं, दांडा दाबला. सगळीकडून बारीक फवारा उडाला, एका भोकातून मात्र डिझेल थेंब थेंब गळलं. ते मिस्त्रीच्या आधी मनूनं दाखवलं!

हिशेब सरळ आहे. बारावी आणि पुढे डिग्रीची चार वर्षं, किंवा डिप्लोमाची तीन आणि डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊन आणखी तीन. दहावीनंतर दोन्हीकडे सहाच. थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर प्रवेश. मध्येच थांबावं लागलं तरी ज्युनियर इंजिनिअरच्या परीक्षांना बसता येतं, नुसत्या बारावीवर ते होत नाही. शिवाय पॉलिटेक्निक गावातच, डबा घरचा.

माझा जीव अडकलाय तो एम-थ्रीत, म्हणजे डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाच्या गणितात. बाकीची पोरं पहिल्या वर्षी एम-वन, एम-टू करून आलेली, आणि डिप्लोमावाला एकदम लाप्लास ट्रान्सफॉर्मसमोर. डिप्लोमातही इंटिग्रेशन शिकवतात, पण तेवढ्यानं भागत नाही. डिप्लोमानंतर लोणेऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेलं तुझं पोस्टकार्ड अजून ट्रंकेत आहे, "गणित माका मारतला." आणि त्याच सुट्टीत तू मला भित्रा म्हणालास, डिग्रीला आलो नाही म्हणून! किती महिने बोललो नव्हतो. बाबांच्या मागे घर माझ्यावर होतं रे, हे मी आजही तुला ऐकवणार. पण तू ते गणित काढलंस. आमच्यात ते तुलाच माहीत.

वहिनींची पुण्याला बदली झाली म्हणे, बरं झालं. धाकट्याच्या मुंजीला येतोच.

प्रवेशाचे फॉर्म सुरू झालेत, गणपतीपर्यंत थांबता यायचं नाही. रविवारी मनूला फोन कर. तीन वर्षांत बारावीचं गणित कुठून धरायचं, तुझं नक्की कुठे अडलं, सगळं खरं सांग. घाबरवायचं असेल तर घाबरव, ती ऐकून घेईल. आणि एम-थ्रीच्या वह्या रद्दीत दिल्या नसशील तर गणपतीला येताना घेऊन ये.

तुझा,
बाळा