उलट्या उडणाऱ्या भिंगऱ्या

मास्टरकाका, साष्टांग नमस्कार.

पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण मोबाइल तुम्ही फक्त फोन घ्यायला वापरता आणि हे तुम्हाला नातूच वाचून दाखवणार. शिवाय माझ्या अंगावरचा कपडा बघून कोणी "हे कुठून आणलंस?" विचारलं की मी दर वेळी तुमच्यापासून सुरुवात करते आणि समोरच्याची बस चुकते. एकदा लिहून टाकलेलं बरं.

2022 चा श्रावण आठवतोय? पुण्यात पत्र्या मारुतीजवळच्या त्या वाड्यात, जिन्याखालच्या तुमच्या शिलाईच्या दुकानात मी भिजलेली पिशवी घेऊन उभी होते. पिशवीत माझा फ्रॉक होता. कोंढव्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घानाच्या मैत्रिणीनं वाढदिवसाला सहा वार आफ्रिकन प्रिंटचं कापड दिलं होतं: गर्द निळ्या रंगावर पांढऱ्या भिंगऱ्या, ती चपळ पाखरं, एकीमागे एक झेपावणाऱ्या. मी ते मोठ्या हौसेनं एका बुटिकमध्ये दिलं. आलं तेव्हा पुढच्या भिंगऱ्या आभाळात आणि पाठीवरच्या सगळ्या डोक्यावर आपटायच्या बेतात! मालकीणबाई म्हणाल्या, "मागून कोण बघतंय?" जाऊबाईंनी आणखी भर घातली, "तसंही पडद्याचंच कापड वाटतं."

तुम्ही फ्रॉक हातात घेतलात, पण आधी शिलाई बघितली नाहीत. कापडाचा कोपरा दोन बोटांत चोळलात, उलटा केलात, पुन्हा सुलटा केलात, मग चष्मा वर सरकवून म्हणालात, "याला उलटी बाजूच नाहीये." मला इतके दिवस ते दिसलंच नव्हतं. दोन्ही बाजूंना राळ छापून मग रंगात बुडवलेलं कापड ते. राळेला बारीक तडे जातात, त्यात रंग शिरतो आणि केसासारख्या रेघा उमटतात. प्रत्येक वारात वेगळ्या. बाजारात आफ्रिकन प्रिंट म्हणून जे ढिगानं मिळतं त्यातलं बरंचसं एकाच बाजूनं छापलेलं असतं, मागे फिकट. हा फरक मला तुमच्या बोटांनी शिकवला.

आणि मग म्हणालात, "मी नाही दुरुस्त करणार. तूच उसवून आण."

खरं सांगते, राग आला होता. पैसे द्यायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला कोणी असं म्हणतं का? पण तीन रात्री ब्लेड घेऊन बसले. एकेक टाका उसवताना त्या बाईनं कुठे घाई केली ते दिसत गेलं. शिवणीला माया, म्हणजे जादा कापड, जेमतेम पाव इंच सोडलेली. मुंढ्यापाशी, बाही जोडतात तिथे, तर तेवढीही नाही. कापड पाण्यातून न काढताच बेतलं होतं. चौथ्या दिवशी मी तुकडे इस्त्री करून आणले, तेव्हा तुम्ही पाठीचा तुकडा टेबलावर पसरून खडूनं घेराच्या कळ्या आखल्यात. कळी एका टोकाला अरुंद, दुसऱ्या टोकाला रुंद असते, त्यामुळे प्रत्येक कळी फिरवून भिंगऱ्या सरळ करता आल्या. घेर चार बोटं आखूड झाला, त्याला खाली काळ्या पॉपलिनची पट्टी लावलीत. लोक अजून विचारतात, "ही पट्टीची आयडिया कोणाची?" मी नाव तुमचंच सांगते, आयडिया बुटिकवालीची होती असं मनात म्हणते.

शनिवारी ऑफिस सुटलं की तुमच्याकडे यायचं, हे पुढे कधी ठरलं ते आठवत नाही. पहिले दोन महिने तुम्ही मला कात्रीला हातसुद्धा लावू दिला नाहीत. "आधी कापड वाच." म्हणजे काय, हे कळायला वेळ लागला. साधं लुगडं असो की सुटिंग, काठ किंवा रेघ एवढंच सांभाळायचं असतं. इथे मात्र थाळीएवढं वर्तुळ येतं, मोर येतो, पंखा येतो. ते वर्तुळ छातीवर नको त्या जागी बसलं की संपलं! तुम्ही कागदी ड्राफ्ट कापडावर ठेवायचात, सरकवायचात, पुन्हा सरकवायचात, आणि तेवढ्यात चहा गार व्हायचा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, सुमारे 46 इंच, पूर्ण तागा बारा वारांचा, अर्धा सहा वारांचा. "म्हणजे सहावारीच की," असं तुम्ही म्हणालात, त्या दिवसापासून माझी या कापडाची भीती गेली.

मैत्रीण आली तो शनिवार तर मी विसरणार नाही. तिनं तुम्हाला सांगितलं की हे कापड मुळात आफ्रिकेतलं नाहीच. जावा बेटावरच्या बाटिकची यंत्रावर नक्कल करायचा डचांचा खटाटोप. नेदरलँड्समधल्या हेलमंडची व्हिलिस्को कंपनी 1846 सालची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माल गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात पोचला आणि तिथल्या बायकांनी तो आपलासा केला. डिझाइनला नावं द्यायची कारखानदारानं नाही, बाजारात विकणाऱ्या बायकांनी. टोगोमधल्या लोमेच्या काही व्यापारी बायका तर या धंद्यावर मर्सिडीज बेंझ घेऊन फिरायच्या, म्हणून त्यांना लोक 'नाना बेंझ' म्हणायचे. त्यावर तुमच्या शेजारच्या फॉल-पिकोवाल्या मावशी म्हणाल्या, "इथे स्कूटी सुटत नाही!"

आणि माझ्या भिंगऱ्यांचं घानातलं नाव? पैशाला पंख असतात, अशा अर्थाचं. तुम्ही मशीन न थांबवता म्हणालात, "आपली लक्ष्मी तरी कुठे एका जागी बसते? तिच्याही पायाला भिंगरी." मी ते भाषांतर करून सांगितलं, आणि मैत्रीण जी हसत सुटली ती मावशी पाणी घेऊन येईपर्यंत थांबली नाही.

तिच्या पदवीदान समारंभाला तिला काबा आणि स्लिट हा घानाचा पोशाख हवा होता. तुम्ही ते आयुष्यात शिवलं नव्हतं. मोबाइलवरचा फोटो लांब धरून बघितलात. अंगाबरोबर बसणारी चोळी, बाह्यांचा थाट, खाली पायघोळ घागरा, वर तिसरं वस्त्र. "अगं, हे परकर-पोलकंच. तिसरं म्हणजे ओढणी समज." बाह्या मी बेतल्या, माझ्या पहिल्या. मुंढा तीनदा उसवला. बोहरी आळीतून बाह्या ताठ राहायला कडक बक्रम आणलं, ते नको म्हणून मऊ आणलं, ते लोळलं म्हणून पुन्हा कडक. मैत्रिणीनं तो पोशाख घातला आणि तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. आई पलीकडून बाह्यांकडे बोट दाखवून काय म्हणाली ते मला कळलं नाही. मैत्रिणीनंही सांगितलं नाही, नुसती डोळे पुसत राहिली.

आता ऑफिस सांभाळून महिन्याला तीन-चार कपडे शिवते. इरकलीवर आफ्रिकन प्रिंटचं ब्लाऊज लोकांना फार आवडतं. मागच्या महिन्यात टांझानियाची एक मुलगी कांगा, म्हणजे तिकडे बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील कापड, घेऊन आली. त्याच्या खालच्या काठावर स्वाहिली म्हण छापलेली असते. तुमच्यामुळे आधी वाक्य कुठे येतं ते बघितलं, मग खडू उचलला. म्हण अख्खी घेरावर आली. जाऊबाईंनी स्वतःहून दोन ब्लाऊज सांगितलीत. पडद्याचा विषय मी काढलेला नाही.

वाडा बिल्डरकडे गेला, तुम्ही भोरला मुलीकडे गेलात. मोतीबिंदू झाल्यावर कात्री ठेवलीत असं नातवाकडून कळलं. तेव्हाच यायला हवं होतं, आले नाही, चुकलं माझं. तुम्ही जाताना दिलेली लाकडी पट्टी माझ्याकडे आहे. शनिवारच्या शिकवणीचे पैसे मी विचारले, तेव्हा "दिवाळीला बघू" म्हणाला होतात. अशा तीन दिवाळ्या झाल्या.

म्हणून आता मीच ठरवलंय. मैत्रीण घानातल्या कुमासीहून येताना त्याच भिंगऱ्या पुन्हा सहा वार घेऊन आली. त्यातले अडीच वार मी बाजूला काढून पाण्यातून काढलेत. हाफ शर्ट बसतो, कागद ठेवून दोनदा बघितलं. खिसा असा लावणार की खिशावरची भिंगरी आणि छातीवरची भिंगरी एकच वाटेल. छाती अजून बेचाळीसच ना? नातवाला माप घ्यायला सांगा, आणि टेप ढिली धरू नको म्हणावं.

तुमची,
शनिवारवाली